रिपोर्ट उत्तम, तरी थांबा : टाइप १ मधुमेह आणि स्कुबाचं एक प्रकरण

दंडावरचा नाण्याएवढा पांढरा सेन्सर इन्स्ट्रक्टरच्या नजरेला पडला नसता, तर ही बाई माझ्याकडे, डायव्हिंगसाठीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडे, आलीच नसती. स्कुबाच्या ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्सचा स्विमिंग पूलमधला पहिला तास होता. ‘हे काय लावलंय?’ असं त्यानं विचारलं. तिनं सरळ सांगितलं, ‘शुगरचा सेन्सर.’ त्यानं तिला पाण्याबाहेर बोलावलं आणि आठवड्यापूर्वी तिनंच भरून दिलेला आरोग्याचा फॉर्म समोर ठेवला. मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’. नियमित औषधांच्या प्रश्नापुढेही ‘नाही’.

दोन दिवसांनी ती समोर बसली होती, फाइल घेऊन आणि बऱ्यापैकी चिडून. वय ३३. टाइप १ मधुमेह बारा वर्षं. इन्सुलिन पंप, सेन्सर, आठवड्यातून चार दिवस धावणं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकड्यांचा अर्थ बदललेला नाही.) फाइलमधलं पहिलंच पान तिनं माझ्याकडे सरकवलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी: ६.२ टक्के.

‘आमचे डॉक्टर हा रिपोर्ट इतर पेशंटना दाखवतात,’ ती म्हणाली.

‘मग फॉर्मवर खोटं का लिहिलंत?’

‘होय लिहिलं की समोरचा माणूस पुढचं ऐकतच नाही. याआधी सुट्टीत दोनदा ट्राय डाइव्ह केलीय, तेव्हाही नाहीच लिहिलं होतं. काही झालं नाही.’

‘काही झालं नाही’ हे वाक्य डायव्हिंगच्या तपासणीत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर वाद घालत नाही. पण तिच्या पहिल्या वाक्यात तथ्य होतं. मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांचा जो फॉर्म आज जगभर चालतो, त्याची सध्याची रचना २०२० पासूनची. मुख्य प्रश्न दहा. काहींना ‘होय’ म्हटलं की उपप्रश्नांचा एक चौकोन उघडतो, काहींना ‘होय’ म्हटलं की थेट डॉक्टरकडे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणालाही एक तरी ‘होय’ लिहावंच लागतं, कारण वय हाच एक प्रश्न आहे. ‘होय’चा अर्थ ‘बाद’ असा नाही, ‘डॉक्टरशी बोला’ एवढाच आहे. पण बोट सुटायच्या अर्धा तास आधी, ओल्या टेबलावर फॉर्म भरून घेतला जातो तेव्हा डॉक्टर आणायचा कुठून? मग लोक ‘नाही’वर भराभर खुणा करून मोकळे होतात. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. तिच्या त्या ‘नाही’मुळे दोन्ही वेळा सोबतच्या इन्स्ट्रक्टरला आपण कुणाला घेऊन खाली चाललोय, हे ठाऊक नव्हतं. हे तिला त्याच दिवशी सांगितलं.

पूर्वी तिला सरळ नकारच मिळाला असता. इन्सुलिन घेणाऱ्यानं स्कुबा करायचं नाही, हा बराच काळ रूढ नियम होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बंदी आली आणि १९९१ पासून अटींवर दार किलकिलं झालं. पुढे २००५ मध्ये डायव्हर्स अलर्ट नेटवर्क आणि अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी यांनी मिळून मधुमेही डायव्हरांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. तो कायदा नव्हे, पण माझ्या टेबलावर तीच असतात. त्यांतल्या बहुतेक अटी ती सहज पार करत होती. वय अठराच्या पुढे. इन्सुलिन सुरू होऊन वर्ष उलटलेलं असावं, इथे तर बारा झाली होती. एचबीए१सी ९ टक्क्यांपर्यंत चालतं, तिचं ६.२. डोळ्यांचा पडदा स्वच्छ, लघवीत प्रथिनं नाहीत, पायांच्या संवेदना शाबूत, ईसीजी आणि स्पायरोमेट्री (फुप्फुसांची फुंकून घ्यायची चाचणी) नॉर्मल. चाळिशी उलटलेली नसल्यानं हृदयाच्या छुप्या आजाराची वेगळी चाचणी लागत नव्हती. सर्दीमुळे डावा कान नीट उघडत नव्हता, त्यासाठी तिला आठवड्यानं परत बोलावलं. बाकी सगळे मोठमोठ्या आजारांची चिंता करत बसतात आणि डायव्हिंगमध्ये सर्वांत जास्त दुखावतो तो मधला कान, पण ते असो.

कागदावर ती पास होती. अडलं ते कागदात नसलेल्या गोष्टीवर.

पाणी लक्षणं चोरतं

साखर खाली जायला लागली की शरीर आधी ओरडतं आणि मग मेंदू मंदावतो. ओरडणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, आतून कापरं भरणं. या इशाऱ्यांच्या बळावरच इन्सुलिन घेणारा माणूस रस्त्यावर, ऑफिसात, झोपेत तगून राहतो. आता हेच इशारे पंधरा मीटर पाण्याखाली नेऊन बघा. घाम कळणार नाही. थरथर थंडीची वाटेल. नवख्या डायव्हरची छाती तशीही धडधडतच असते. म्हणजे पहिली फळी पाण्यानं आधीच गिळलेली. उरतात मेंदूची लक्षणं: गोंधळ, मंद प्रतिसाद, विचित्र वागणं. ती जास्त खोलीवरच्या नायट्रोजनच्या गुंगीसारखी दिसतात, आणि वर आल्यावर दिसली तर डीकम्प्रेशनच्या आजारासारखी (वर येताना शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन होतो तो) किंवा धमनीत हवेचा बुडबुडा गेल्यासारखी. बोटीवरची माणसं ऑक्सिजन लावतात, किनाऱ्याला फोन करतात आणि बोटाला सुई टोचायचं कुणाला सुचत नाही. उलटंही घडू शकतं. साखर ६० निघाली म्हणून सगळं तिच्यावर ढकललं जातं आणि खरा डीकम्प्रेशनचा आजार तासभर तसाच राहतो.

जमिनीवर शुद्ध हरपली तर माणूस पडतो. खाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून सुटतो.

म्हणून या तपासणीत माझा कळीचा प्रश्न ‘साखर किती?’ हा नसतो. ‘साखर खाली गेलेली तुम्हाला किती लवकर कळते?’ हा असतो. तिला मी तोच विचारला.

‘कळते की.’

‘कितीला कळते?’

ती थांबली. ‘पूर्वी सत्तरला कळायची. आता... पंचावन्नच्या आसपास.’

अशा वेळी मी गोल्ड स्कोअर विचारतो. एकच प्रश्न असतो, एक ते सात: शुगर लो सुरू होताना तुम्हाला नेहमी कळतं, की कधीच कळत नाही? एक-दोन म्हणजे जाणीव ठीक, चार आणि वर म्हणजे बिघडलेली. तिनं तीन सांगितला. तीन म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सूत्रांत मात्र जाणीव हरवल्याचा इतिहास नसावा, असं स्पष्ट लिहिलंय.

पुढचा प्रश्न मी दोन वेळा विचारला. ‘गेल्या वर्षभरात कधी दुसऱ्या कुणाची मदत लागली?’ पहिल्यांदा उत्तर आलं, ‘नाही.’ मी वेगळ्या शब्दांत विचारलं, ‘तुमच्या तोंडात कुणी साखर घातली, कुणी हलवून जागं केलं, असं?’ मग ती हसली. ‘हां, तसं एकदा. लांब पल्ल्याची रन झाली होती, खायचं राहिलं. मी काहीतरी असंबद्ध बोलत होते म्हणे, मैत्रिणीनं जबरदस्तीनं गोड पाजलं. पण दवाखान्यात नव्हतं नेलं.’

कधी? ‘झालं असेल वर्ष-दीड वर्ष.’ फोनवर मैत्रिणीचे त्या रात्रीचे मेसेज होते. तारीख पाहिली. आठ महिने.

या एका प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात आणि ते मुद्दाम लपवत असतात असं नाही. लोकांच्या डोक्यात ‘गंभीर’ म्हणजे अॅम्ब्युलन्स, सलाइन, कॅज्युअल्टी. वैद्यकात गंभीर हायपोची, म्हणजे साखर खाली घसरण्याची, व्याख्या साधी आहे: स्वतःला सावरता आलं नाही, दुसऱ्याला सावरावं लागलं. आकडा कितीही असो, दवाखाना असो वा नसो. डायव्हिंगच्या सूत्रांप्रमाणे असा प्रसंग गेल्या बारा महिन्यांत घडलेला नसावा. तिच्या बाबतीत चार महिने कमी पडत होते.

मग सेन्सरचा चौदा दिवसांचा आलेख उघडला. एचबीए१सीचं ते देखणं ६.२ कुठून आलं, हे तिथे दिसलं. सत्तरच्या खाली घालवलेला वेळ ८ टक्के. तो ४ च्या आत असावा, असा २०१९ चा आंतरराष्ट्रीय संकेत. चोपन्नच्या खाली जवळपास २ टक्के. तो १ च्या आत हवा. बहुतेक घसरणी पहाटेच्या. ‘अलार्म वाजत नाही का?’ ‘बंद केलाय. झोपमोड होते.’

एचबीए१सी ही सरासरी आहे. वरचे आकडे आणि खालचे आकडे एकमेकांना झाकतात आणि सरासरी छान दिसते. शिवाय वारंवार लो होणाऱ्या शरीराला त्या पातळीची सवय होते आणि ते ओरडायचं सोडतं. सत्तरला कळणारं पंचावन्नवर आलं ते असं. ज्या रिपोर्टचं तिचे डॉक्टर कौतुक करत होते, तो तिच्या मूत्रपिंडासाठी आणि डोळ्यांसाठी खरोखरच चांगला होता. पाण्याखाली जाण्यासाठी तोच माझ्या काळजीचा विषय ठरला. तिच्या जागी एचबीए१सी ७.३ असलेला, पण कधी लो न होणारा माणूस असता, तर मी बहुधा त्याच आठवड्यात सही केली असती.

‘आत्ता नाही’

डॉक्टरच्या सहीच्या पानावर दोनच खाने असतात, मंजूर किंवा नामंजूर. मधला खाना नाही. ‘सहा महिन्यांनी विचारा’ लिहायला जागा नाही. मी काहीच खूण केली नाही आणि फॉर्म तिला परत दिला. नामंजूर लिहिलेला कागद पुढे माणसाचा पिच्छा सोडत नाही आणि मग पुढच्या वेळी तो पुन्हा ‘नाही’ लिहितो, हे माझं मत. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही.

तिला राग आला, आणि तो रास्त होता. ‘म्हणजे बारा वर्षं मन मारून शुगर सांभाळली, त्याची ही शिक्षा?’ याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नव्हतं. मी इतकंच म्हटलं, की लो टाळले तर हरवत चाललेली जाणीव काही आठवड्यांत बरीचशी परत येऊ शकते. ती दुरुस्त होणारी गोष्ट आहे. फुप्फुस आपोआप फाटून छातीत हवा साठल्याचा इतिहास असता, तर मी हे म्हटलं नसतं. तिथे पुढच्या वेळेचा प्रश्न सहसा येतच नाही.

इन्सुलिनचे डोस बदलणं माझं काम नव्हतं. तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं: सत्तरच्या खालचा वेळ आधी कमी करू या, त्यात एचबीए१सी थोडं वर गेलं तरी चालेल. त्यांचा फोन आला. पहिली दोन मिनिटं नाराजीची होती, नंतरची वीस कामाची. रात्रीचं बेसल (संथपणे सतत चालणारं) इन्सुलिन कमी, धावण्याच्या दिवसांची वेगळी आखणी, अलार्म पुन्हा सुरू. प्रकरण काठावरचं असल्यानं डायव्हिंगच्या वैद्यकात माझ्याहून जास्त वर्षं काढलेल्या एका डॉक्टरांनाही सगळे कागद दाखवले. त्यांचंही म्हणणं तेच पडलं, फक्त त्यांनी एक विचारलं, जे मी विचारलंच नव्हतं.

‘तिचा बडी कोण आहे?’

बडी म्हणजे पाण्याखाली सतत सोबत राहणारा जोडीदार. विचारल्यावर कळलं. तिनं हा कोर्स एका मैत्रिणीसोबत घेतला होता आणि ती मैत्रीण मधुमेहींच्या एका गटात भेटलेली. टाइप १. मी या बाईच्या शरीराचा कोपरा न् कोपरा तपासला होता आणि खाली तिच्या हातभर अंतरावर कोण असणार, हे मला ठाऊक नव्हतं. बडीला मधुमेह नसावा, असं सूत्रांत स्पष्ट आहे. कारण उघड आहे: दोघी एकाच बोटीवर, एकाच वेळी खाऊन, सारखंच पोहून खाली जाणार, आणि एकीची साखर घसरायच्या वेळेला दुसरीचीही घसरायची शक्यता. ती बातमी तिला माझ्या आधीच्या नकारापेक्षा जास्त लागली. शेवटी मैत्रिणीनं दुसऱ्या गटात नाव घातलं आणि हिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ आला. त्यानं ताईला कधी लो झालेलं पाहिलंच नव्हतं. त्याला बसवून साखर वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन कसं द्यायचं, ते शिकवलं. ते बोटीवर राहतं. पाण्यात जातं ते पिळता येणारं ग्लुकोज जेल, जॅकेटच्या खिशात.

पाच महिन्यांनी ती आली तेव्हा एचबीए१सी ६.९ होतं. सत्तरच्या खालचा वेळ २ टक्के. गोल्ड स्कोअर २, आणि तो मी तिच्या शब्दावर न सोडता भावालाही वेगळं विचारलं. मैत्रिणीनं गोड पाजलं त्या रात्रीला तेरा महिने झाले होते. डावा कान केव्हाच मोकळा झालेला. ‘मंजूर’वर खूण केली आणि सोबत वेगळं पत्र जोडलं, कारण अटी लिहायला फॉर्मवर जागा नसते.

पत्रातल्या अटींपैकी एकीवर तिनं वाद घातला, म्हणून त्या अटीबद्दल थोडं जास्त. वर येताना सक्तीचे डीकम्प्रेशन थांबे लागतील अशी डाइव्ह नको, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरणं नको. ‘मला अजून तिथवर जायचंच नाहीये,’ ती म्हणाली, ‘मग लिहिता कशाला?’ लिहितो, कारण या अटीत सगळी सुटका आहे. खाली लो वाटलं तर करायचं ते एवढंच: अंगठा आणि तर्जनी ताणून ‘एल’ची खूण बडीला दाखवायची, दोघांनी ठरलेल्या संथ गतीनं सरळ वर यायचं, जॅकेट फुगवायचं, जेल घ्यायचं, पाण्याबाहेर पडायचं. हा ‘सरळ वर’ शाबूत ठेवायचा. डोक्यावर छत असेल किंवा वाटेत सक्तीचा थांबा असेल, तर तो रस्ता बंद. नेहमीच्या डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात, तो थांबा खबरदारीचा असतो; अशा वेळी सोडता येतो. बाकी खोली ३० मीटरच्या आत आणि वेळ तासाच्या आत. तिच्या कोर्सची मर्यादाच १८ मीटर, त्यामुळे खोलीच्या अटीचा प्रश्न नव्हता.

बोटीवरचा दिवस

पाण्यात उतरण्याआधी साखर किमान तीनदा मोजायची: साठ मिनिटं आधी, तीस मिनिटं आधी आणि उतरण्याच्या अगदी आधी. १५० च्या वर हवी आणि स्थिर किंवा चढती हवी. ३०० च्या वर असेल तरी थांबायचं, कारण इतकी साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते. त्यात पाण्यात शिरल्यावर हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि लघवी आणखी वाढते. कोरडं पडलेलं शरीर डीकम्प्रेशनला चांगलं नव्हे. मोजायचं बोटाला टोचून. सेन्सरचा बाण दिशा पाहायला उपयोगी, पण त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि साखर झपाट्यानं उतरत असताना ही काही मिनिटंच महागात पडतात. शिवाय खाली गेल्यावर त्याचा रेडिओ सिग्नल पाण्यातून जात नाही, आणि बरेच सेन्सर एखाद-दोन मीटर खोलीसाठीच बनवलेले असतात.

पहिल्या समुद्री डाइव्हच्या सकाळचे तिचे आकडे तिनं मला नंतर पाठवले: २०८, १८४, १६१.

तिन्ही १५० च्या वर. इन्स्ट्रक्टर ‘चला’ म्हणाला. भाऊ म्हणाला, ‘बसतंय की नियमात.’ ती आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘उतरतेय.’ दर अर्ध्या तासाला तेवीस-चोवीसनं. हातपाय न हलवता पाऊण तासात सव्वाशेवर आली असती, आणि तिला तर पोहायचं होतं. तिनं डाइव्ह सोडली. बोटीवर बसून खाल्लं, भाऊ दुसऱ्या बडीबरोबर जाऊन आला, आल्यावर त्यानं काय काय पाहिलं ते रंगवून सांगितलं, जे त्या घडीला फारसं उपकारक नव्हतं.

दुपारी १७१, १७८, १८१. पंप काढून बोटीवर, उन्हापासून लांब ठेवला. तो फार वेळ काढून चालत नाही. दोन तासांच्या आत परत लावायचा, हे आधीच ठरलेलं. १२ मीटर, ३८ मिनिटं. वर आल्यावर १४९.

रात्री नऊला ६६. हात थरथरले, तिला कळलं, तिनं स्वतःच जेल घेतलं. व्यायामानंतरची घसरण अशी उशिरा येते, म्हणून डाइव्हनंतर बारा-पंधरा तास मोजत राहायला सांगितलेलं असतं. मला त्या दिवसातला सर्वांत समाधानाचा आकडा हाच वाटला. १८१ नव्हे, ६६. कारण तो तिला यंत्रानं नाही, हातांनी सांगितला.

वर्षभरानं ती फेरतपासणीला आली, दर वर्षी ती लागतेच. लॉगबुकात खोली आणि वेळेच्या रकान्यांशेजारी तिनं पेननं आणखी चार रकाने आखले होते, तीन आधीचे आणि एक नंतरचा. अकरा डाइव्ह केलेल्या, तीन रद्द. एचबीए१सी ७.०, तिचे डॉक्टर आता हाही रिपोर्ट इतरांना दाखवतात म्हणे. नवा फॉर्म तिनं बाहेर बसूनच भरून आणला होता. मधुमेहापुढे ‘होय’, औषधांपुढे ‘होय’. ते मी बघणारच होतो. त्याच्या वरच्या बाजूला, बेशुद्धी-अर्धशिशी-फेफऱ्याच्या प्रश्नापुढे आणखी एक ‘होय’ होता. तो गेल्या वर्षी नव्हता.

‘हे काय?’

‘अर्धशिशी. कॉलेजपासून आहे. गेल्या वेळी म्हटलं, एक भानगड पुरे.’

अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमक येणाऱ्यांमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र उघडं राहिलेलं जास्त आढळतं. तसं ते दर चार माणसांत एकाचं उघडं असतं आणि त्याला कधी पत्ता लागत नाही. पण डायव्हरच्या शिरांमधले बुडबुडे त्यातून फुप्फुसाची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. मी पेन उघडलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

‘डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं?’